डोंगरातल्या रानवनस्पतींचे सर्वेक्षण कसे करावे: येऊर ते पारसिक

पाऊस सुरू झाला की ठाण्याजवळच्या येऊर आणि पारसिकच्या डोंगरावर रानफुलांचे हजारो फोटो निघतात. त्यातले फारच थोडे सर्वेक्षणाला उपयोगी पडतात, कारण झाड नेमके कुठे होते, कोणत्या तारखेला होते, आसपास किती होती, हे कुणी लिहून ठेवलेले नसते. सर्वेक्षणाला जागा एकच लागते, फेऱ्या अनेक लागतात आणि दिसेल ते सगळे लिहावे लागते. ओळखू न आलेलेसुद्धा.

आधी परवानगी

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग आहे. तिथे पानसुद्धा तोडता येत नाही. अभ्यासासाठी वनविभागाची लेखी परवानगी घ्या, आणि त्या पत्रात नमुने गोळा करण्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर फक्त फोटो आणि नोंदी यांवर थांबा. खाडीकाठच्या कांदळवनालाही हाच नियम लावा. तिथे जाताना भरती-ओहोटीची वेळ बघून, ओहोटीलाच उतरा.

पट्टा आणि चौकोन

सुरुवातीला ५०० मीटरची एकच पायवाट पुरे. तिच्या कडेने दर ५० मीटरला एक, असे १० चौकोन, म्हणजे सुतळीने आखलेल्या मोजणीच्या जागा, घ्या. एक डावीकडे, पुढचा उजवीकडे. वाटेपासून किमान ५ मीटर आत शिरा. अगदी कडेला टाकळा, घाणेरी, रानमोडी यांचीच गर्दी असते आणि यादी बघून रान आहे त्यापेक्षा बिघडलेले वाटते. चौकोन कुठे टाकायचा हे फूल बघून ठरवू नका; अंतर मोजून जिथे पोचाल तिथेच टाका. नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. तेरड्याचा रंग दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात.

गवत आणि लहान रोपांसाठी चौकोन १ × १ मीटरचा. ४ मीटर सुतळीला दर मीटरला गाठ मारा आणि चार खुंट्या सोबत ठेवा. झुडपांसाठी ५ × ५, मोठ्या झाडांसाठी १० × १० मीटर. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजा. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने धरा. १० पैकी ७ चौकोनांत तेरडा मिळाला तर त्याची वारंवारता ७० टक्के. शेवटच्या दोन-तीन चौकोनांतही नव्या जाती मिळतच असतील, तर १० पुरले नाहीत असे समजून आणखी घ्या.

जूनच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी फेरी हवी. शेवळ या रानभाजीचे उदाहरण घ्या. पहिल्या पावसाच्या सुमारास जमिनीतून त्याचा नुसता फुलोरा वर येतो, पानाचा पत्ता नसतो. पुढे फुलोरा जिरतो आणि त्याच कंदातून छत्रीसारखे पसरलेले पान एकटेच उभे राहते. जून आणि ऑगस्ट अशा दोनच फेऱ्या केल्या तर एका वनस्पतीच्या दोन जाती लिहिल्या जातात. कारवीचे उलट आहे. ती सात वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे बिनफुलाची नोंदही तितकीच मोलाची.

शेवळ विकणाऱ्या मावशी बाजारात सोबत काकड नावाच्या झाडाची फळेही ठेवतात, कारण त्यांच्याशिवाय भाजीची खाज जात नाही. त्यांना नुसते नाव विचारू नका. कुठल्या जमिनीत येते, पान कधी फुटते, कोणता भाग खातात, हेही विचारा आणि उत्तरासोबत गावाचे किंवा पाड्याचे नाव लिहा. एकच नाव दोन पाड्यांत दोन वेगळ्या झाडांना असते.

ओळख पटवताना

‘कुडा’ म्हणून थांबाल तर यादी चुकेल. पांढरा कुडा आणि काळा कुडा या दोघांची पाने समोरासमोर, दोघांना चीक, दोघांची फुले पांढरी. फुलात बघा: काळ्या कुड्याच्या पाकळ्यांच्या आत झालरीसारखे तंतू असतात, पांढऱ्या कुड्यात ते नसतात. फुले सरल्यावर शेंगा बघा. दोघांनाही त्या जोडीने लागतात, पण काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या मोकळ्या लोंबतात.

टाकळा आणि कासविंदा यांच्यात पर्णिका, म्हणजे एकाच देठावरची जोडीने असलेली छोटी पाने, मोजा. टाकळ्याला बोथट टोकाच्या ३ जोड्या. कासविंद्याला टोकदार ४ ते ६, शिवाय देठाच्या बुडाशी एक ठळक ग्रंथी. ती नीट बघायला १० पट भिंग कामी येते. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि पान भिंगाकडे आणा. भिंग पानावर धरून लांबून बघितले तर काहीच धड दिसत नाही.

जातीआधी कुळ ठरवा, अर्धे काम तिथेच होते. पुंकेसर जुळून नळी झाली असेल तर भेंडीचे कुळ बघा. सोनकीचे ‘फूल’ म्हणजे अनेक बारीक फुलांचा गुच्छ, म्हणून ती सूर्यफुलाच्या कुळात. चौकोनी खोड आणि समोरासमोर पाने दिसली की तुळशीचे कुळ आधी तपासा. पेरे फुगलेले असतील तर कारवीचे.

प्रत्येक वनस्पतीचे फोटो असे घ्या: पूर्ण झाड, पानाची वरची व खालची बाजू, पानांची मांडणी, फूल समोरून आणि बाजूने, फळ. शेजारी पट्टी ठेवा. मोबाइलमधले अॅप सुचवते ते नाव पेन्सिलीने लिहा, पक्के धरू नका. नोंदवहीही पेन्सिलीनेच लिहावी, पावसात शाई पसरते.

नमुना वाळवणे

परवानगी असेल तर एकाच जातीच्या भरपूर रोपांपैकी एकच, फुलाफळासह घ्या. वर्तमानपत्रात पसरताना निदान एक पान उलटे ठेवा, म्हणजे मागची बाजू दिसते. दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळा. आपल्या दमट हवेत पहिले चार दिवस कागद रोज बदलला नाही तर बुरशी धरते आणि फुले काळी पडतात. वाळलेला नमुना ४२ × २८ सेंटीमीटरच्या जाड कागदावर शिवा किंवा चिकटवा. उजव्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी: क्रमांक, तारीख, ठिकाण, उंची, जमीन, फुलाचा ताजा रंग, स्थानिक नाव. रंग जागेवरच लिहा, वाळल्यावर तो उरत नाही.

शास्त्रीय नाव लावताना जुन्या आणि नव्या नावांचा घोळ होतो. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात टाकळा कॅसिया टोरा आहे, आज तो सेना टोरा. पांढरा कुडा तेव्हा होलॅऱ्हिना अँटिडिसेंटेरिका, आता होलॅऱ्हिना प्युबेसेन्स. यादीत दोन्ही नावे लिहा, नाहीतर जुन्या नोंदीशी तुलना करताना एकच जात एकदा नाहीशी झालेली आणि एकदा नव्याने सापडलेली दिसेल. अडलेले नमुने मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, आधी विचारून, ताडून बघता येतात. तरीही नाव ठरले नाही तर चिठ्ठीवर कुळ आणि ‘अनिश्चित’ एवढेच लिहा, आणि त्याच चौकोनात फळ धरेल तेव्हा पुन्हा जा.