फिरत्या प्रदर्शनाचा विषय निवडताना या चुका टाळा

‘आपला समृद्ध वारसा’ हे नाव आमंत्रणपत्रिकेवर शोभतं. प्रदर्शनाचा विषय म्हणून ते कुचकामी आहे. दोन खोल्यांच्या ग्रामीण संग्रहालयात त्या नावाखाली नाणी, नांगर, दागिने, जुने फोटो असं काहीही खपून जातं आणि बघणारा मोकळ्या हाताने बाहेर पडतो. विषय खरंच ठरलाय का, हे पाहायचं तर तो क्रियापदासकट एका पूर्ण वाक्यात सांगून बघा. ‘पाणी’ हा नुसता शब्द झाला. ‘पाण्याची जागा बदलली की गावाचा बाजारही सरकतो’ हा विषय झाला, कारण त्यावर एखादा म्हातारा ‘आमच्याकडे तसं नाही झालं’ म्हणून वाद घालू शकतो. प्रदर्शन फिरवायचं ते त्या म्हाताऱ्यासाठी.

भांडारात काय पडलंय, त्यावरून विषय ठरवणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. आपल्याकडे तीस जुने दिवे आहेत, तर ‘दिवे’ हा विषय घेऊ! स्वतःच्या दालनात हे चालून जातं. पण तेच प्रदर्शन चौथ्या गावी पोचतं तेव्हा तिथली माणसं दुसऱ्यांचे दिवे पाहून घरी जातात. विषय असा हवा की त्यातला काही भाग प्रत्येक मुक्कामावर नव्याने भरला जाईल.

अमेरिकेत स्मिथसोनियन या संग्रहालयं चालवणाऱ्या संस्थेचा ‘म्युझियम ऑन मेन स्ट्रीट’ हा उपक्रम 1994 पासून छोट्या गावांत प्रदर्शनं नेतो. त्यांचे विषय पाहा: धान्य-गुरांची कोठारं, अन्न, गावातले खेळ, कामधंदा, पाणी. प्रत्येक घरात ज्याची एक तरी आठवण निघेल, अशाच गोष्टी. मूळ फलक बाहेरून येतात आणि यजमान गाव त्याला आपल्या वस्तूंची, आठवणींची जोड देतं.

म्हणून विषय पक्का करण्याआधी प्रत्येक यजमान संग्रहालयाला एकच काम सांगा: या विषयावरच्या तुमच्या गावातल्या तीन वस्तू आणि त्यावर बोलू शकेल असं एक माणूस सुचवा. निम्म्यांना ते जमलं नाही, तर विषय बदला. फलक छापून झाल्यावर हे कळणं फार महाग पडतं.

वस्तू किती प्रवास सोसतील, हे न पाहणं

‘नैसर्गिक रंगांची जुनी वस्त्रं’ हा विषय ऐकायला सुंदर आहे, पण इथे गणित आडवं येतं. हळदीच्या पिवळ्यासारख्या लवकर विटणाऱ्या रंगांसाठी प्रकाशाची सर्वमान्य मर्यादा 50 लक्स (वस्तूवर पडणारा प्रकाश मोजायचं एकक) आहे आणि वर्षाला एकूण 15,000 लक्स-तास, म्हणजे लक्स गुणिले तास. 50 लक्सला हे वर्षभरात 300 तास झाले. रोज सहा तास, आठवड्यातून सहा दिवस दालन उघडं ठेवलं आणि मुक्काम सहा आठवड्यांचा असला, तर पहिल्याच गावी 216 तास संपले. दुसऱ्या गावी तिसऱ्या आठवड्यात वर्षाचा कोटा खलास! आणि खिडकीला पडदा नसलेल्या खोलीत 50 लक्स हा आकडा कागदावरच राहतो. प्रकाशाने विटलेला रंग परत येत नाही.

याचा अर्थ विषय सोडून द्या, असा नाही. मूळ कापड एकाच मुक्कामावर ठेवा, पुढे दुसरं आणा किंवा उत्तम प्रतिकृती फिरवा आणि ती प्रतिकृती आहे हे फलकावर स्पष्ट लिहा. रंगवण्याची अवजारं, भांडी, ठसे यांच्यावर कथा उभी राहत असेल तर आणखी बरं. कागद आणि जुन्या फोटोंनाही हाच हिशेब लावून बघावा.

जागेचं थोडक्यात: सगळ्यात लहान यजमान दालनाच्या भिंती मोजा आणि विषय तेवढ्यात बसवा, मोठ्या दालनाच्या मापाने नाही. तारखांचंही तेच. पेरणी-काढणीच्या धांदलीत शेतीवरचं प्रदर्शन लावलं, तर ते पाहायला शेतकरी सोडून सगळे येतील.

अवघड विषयाला घाबरणं

बंद पडलेला कारखाना, धरणात गेलेली जमीन, गाव सोडून गेलेली तरुण पिढी. असले विषय नकोत, वाद होतील, असं समित्या म्हणतात. माझं मत उलट आहे: लोक आपणहून बोलायला येतात ते अशाच विषयांवर. सावधगिरी मात्र हवी. शहरातल्या संग्रहालयात फोटोतला माणूस अनोळखी असतो, गावात त्याचा नातू दारातून आत येतो. नावं आणि फोटो लावण्याआधी त्या घरांशी बोलून घ्या.

आता विषय ठरून गेलाय आणि कुणी फिरकत नाही, तर?

आधी पहिला फलक बदला. प्रस्तावनेचा लांबलचक मजकूर काढा आणि त्याच गावातला एक मोठा फोटो लावून खाली प्रश्न लिहा: हे कुठलं ठिकाण, यातलं कोण ओळखू येतं? एक फलक कोराच ठेवा, शेजारी दोरीने पेन बांधा. एखाद्या संध्याकाळी विषयातल्या जाणत्या माणसाला खुर्ची टाकून दालनात बसवा. माईक नको, भाषण तर नकोच. जमा झालेली उत्तरं फोटो काढून पुढच्या गावाच्या पेटीत टाका, तिथला पहिला फलक त्यातूनच करता येईल.