मागून सायरन आला तर: वेगमर्यादेतून सूट कोणाला, आणि आपण काय करायचं

आईला रुग्णवाहिकेतून नेत होतो तेव्हा मी पुढे, चालकाच्या शेजारी बसलो होतो. चौकात लाल सिग्नल लागला. माझा जीव टांगणीला, मी म्हणत होतो, "दादा, घ्या ना पुढं." त्यांनी उलट वेग कमी केला, जवळजवळ थांबलेच. सायरनचा सूर बदलला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. "बस थांबतेय का ते बघू द्या आधी," एवढंच बोलले. बसवाल्याने हात वर केला, मग गाडी निघाली. त्या चार सेकंदांत त्यांनी कायदा जसा पाळायला हवा तसाच पाळला, हे मला नंतर वाचल्यावर कळलं. ते आपल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, म्हणून हे लिहितोय.

आधी सूट कोणाला ते ओळखा

मोटार वाहन चालवण्याबाबतचे 2017 चे केंद्रीय विनियम आहेत. त्यात आपत्कालीन गाड्यांचा क्रम ठरवून दिलाय: आधी अग्निशमन दलाचा बंब, मग रुग्णवाहिका, मग पोलिसांची गाडी, आणि शेवटी वीज-पाण्यासारख्या अत्यावश्यक सेवांसाठी सरकारने नेमलेल्या गाड्या. दोन गाड्या एकाच चौकात आल्या तर याच क्रमाने वाट द्यायची. नेत्याची गाडी या यादीत नाही. गाड्यांवरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून गेले, तरी काचेवर पाटी लावून हॉर्न वाजवत घुसणारे अजून भेटतात. त्यांना कायद्याने कुठलीही सूट नाही.

मग ती सूट कधी लागू होते ते बघा

गाडीवर 'रुग्णवाहिका' लिहिलं म्हणजे झालं असं नाही. जीव वाचवायचा आहे, आग विझवायची आहे, असं खरं तातडीचं काम हवं, आणि दिवा-सायरन चालू हवेत. रुग्णाला सोडून रिकामी परतणारी गाडी रस्त्यावरच्या इतर गाड्यांसारखीच. काम तातडीचं असेल तर चालकाला वेगमर्यादा ओलांडता येते, लाल सिग्नल पार करता येतो, रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून किंवा एकेरी रस्त्यावर उलट्या दिशेनेही जाता येतं. पण हे सगळं पुरेशी काळजी घेऊनच. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 त्या चालकालाही लागू होतं, आणि त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वेग नियंत्रक, म्हणजे ठरावीक वेगापुढे गाडी जाऊ न देणारं उपकरण, बसवण्याच्या सक्तीतून मात्र बंब, रुग्णवाहिका आणि पोलिसांच्या गाड्या वगळल्या आहेत.

सायरन ऐकू आला की

पहिलं काम, आरशात बघा. सायरन कुठून येतोय हे नुसत्या कानाने कळत नाही, उंच इमारतींच्या मध्ये तर मुळीच नाही. जागच्या जागी करकचून ब्रेक मारू नका, कारण मागच्या चालकाने तुम्ही पुढे जाल असं धरलेलं असतं. डावा इंडिकेटर द्या, हळूहळू डावीकडे सरका, गरज पडली तर थांबा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही आपापल्या डाव्या कडेला जायचं. ते अंग चोरून उभे राहिले तरच मधे वाट होते.

सिग्नलला तुम्ही सगळ्यात पुढे असाल तर खरी पंचाईत. पोलीस हात करत असेल तर निघा, त्याच्या इशाऱ्यापुढे दिवा गौण. पोलीस नसेल तर थोडं पुढे-डावीकडे सरकून जागा करा, पण आडव्या रहदारीत घुसू नका. सिग्नल मोडायची मुभा रुग्णवाहिकेला आहे, तुम्हाला नाही. घाटात वळणावर थांबू नका, पुढे जिथे कड रुंद असेल तिथपर्यंत चालत राहा. आणि बंब गेला म्हणून लगेच रस्त्यात येऊ नका, त्याच्यामागे बऱ्याचदा पाण्याचा टँकर असतो.

रुग्णवाहिकेच्या मागे चिकटून मोकळी वाट पकडणारे दुचाकीवाले बघितले की मला संताप येतो. पुढच्या गाडीत कोणीतरी ऑक्सिजनवर असतं, नर्स उभ्याने सलाइन धरून असते. रुग्णवाहिकेच्या चालकाला अचानक थांबावं लागलं तर मागून धडक ठरलेलीच.

वाट न देणं हा गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ई खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

रुग्ण आपल्याच गाडीत असेल तर

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. चारही इंडिकेटर लावले, खिडकीतून रुमाल हलवला, तरी खासगी गाडीला वेगाची सूट मिळत नाही. आणि हिशेब करून बघा: सहा किलोमीटर अंतर ताशी 40 ने नऊ मिनिटांत होतं, 60 ने सहा मिनिटांत. जीव धोक्यात घालून वाचवलेली ती तीन मिनिटं दोन सिग्नलांत जातात. त्यापेक्षा आधी 108 ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल आणि स्वतःच निघायचं ठरलं, तर सर्वांत घाबरलेल्या नातेवाइकाच्या हातात स्टिअरिंग देऊ नका. शेजाऱ्याला चालवायला सांगा. वाटेत दुसऱ्याने रुग्णालयात फोन करून काय झालंय ते सांगावं, म्हणजे दारात स्ट्रेचर तयार असतो. चौकात अडकलात तर वाहतूक पोलिसाला थेट सांगा, तो मार्ग काढून देतो.

चलन आलंच तर

कॅमेऱ्याला गाडीत कोण आहे ते कळत नाही. रुग्णवाहिकेला जागा देताना पुढचं चाक झेब्रा पट्ट्यावर गेलं आणि चलन आलं, असं होऊ शकतं. वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची सोय आहे. तारीख, वेळ, चौकाचं नाव लिहा, डॅशकॅमचं चित्रीकरण असेल तर जोडा. रुग्णवाहिका चालवणाऱ्यांनी प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी: फोन किती वाजता आला, रुग्ण कुठून उचलला, रुग्णालयात किती वाजता पोचवला. रुग्णालयाच्या दाखल-कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटोही अशा वेळी उपयोगी पडतो.