लिक्विड मेटलचा अँटेना करताय? मग या चुका तरी करू नका

हा अँटेना म्हणजे नळीत भरलेला गॅलियम-इंडियमचा पातळ धातू, त्या खांबाची लांबी कमीजास्त केली की फ्रिक्वेन्सी बदलते. दर जानेवारीत इंजिनीअरिंगच्या फायनल इयरची पोरं माझ्या नागपूरच्या बर्डीतल्या दुकानात येतात आणि रडगाणं तेच, "भाऊ, फ्रिक्वेन्सी वापस येऊनच नाही राहिली."

येईल कशी? तुम्ही त्याला पारा समजून राहिले. गॅलियम-इंडियमला हवा लागली की लगेच ऑक्साइडची साय धरते, जेमतेम दोन-तीन नॅनोमीटरची, पण नळीला अशी चिकटते की धातू मागे ओढला तरी पदर भिंतीवरच राहतो. ७.५ सेंटीमीटरचा खांब म्हणजे साधारण १ गिगाहर्ट्झ, ५ वर आणला की दीड, हे गणित बरोबर आहे, पण मागे पदर राहिला तर नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायचं छोटं मीटर) डिप, म्हणजे अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतो तिथला खड्डा, भलतीकडेच दिसतो. ती साय विरघळावी म्हणून मी आधी नळीत कॉस्टिक सोड्याचं पाणी भरतो, लिटरला ४० ग्रॅम, मगच धातू. चष्मा आणि हातमोजे घालूनच, यात हिरोगिरी नको. आणि पाण्यामुळे डिप हिशोबापेक्षा खाली येणारच, लगेच सूत्राला शिव्या देऊ नका.

व्होल्टेजनं खांब हलवायचा तर एखादा व्होल्ट पुरतो. घाई झाली म्हणून ९ व्होल्टची बॅटरी लावली की नुसते बुडबुडे, खांबाचे तुकडे.

आता अॅल्युमिनियम. गेल्या वर्षी एक पोरगा ग्राउंड प्लेनला, म्हणजे अँटेनाखालच्या धातूच्या पत्र्याला, दीड मिलीमीटरची अॅल्युमिनियमची प्लेट घेऊन आला. म्हटलं बाबू, तांब्याची घे, तर म्हणे एकच दिवस तर वापरायची आहे, अन् ही घरीच पडून होती. स्क्रू कसताना ओरखडा पडला होता, नेमका त्यावरच नळीतून गव्हाच्या दाण्याएवढा थेंब पडला. त्यानं रुमालानं पुसला, दिसेनासा झाला, गडी खुश. सकाळी कनेक्टर पिळायला गेला तर प्लेटचा कोपरा खारीसारखा मोडून हातात आला, आणि त्याच दिवशी दुपारी सबमिशन! अॅल्युमिनियमवरची ऑक्साइडची पापडी फाटली की गॅलियम आतल्या अॅल्युमिनियमच्या कणाकणांमधे शिरतो, वरून पुसून काही होत नाही. तांब्यातही तो मुरतोच, पण असा एका रात्रीत चुरा नाही करत.

थंडीत धातू हललाच नाही तर आधी तापमान बघा. गॅलियम-इंडियमचं ७५-२५ चं मिश्रण साडेपंधरा अंशाच्या आसपास गोठतं आणि आपल्याकडे डिसेंबरात रात्री १० च्याही खाली जाते. नळी मुठीत धरून बसा, हॉट एअर गन कशाला काढता बे.

केबल बदलली की नॅनोव्हीएनएचं कॅलिब्रेशन पुन्हा करा. उरलेला धातू प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा. मसाल्याच्या अॅल्युमिनियमच्या डबीत नाही, हो, तेही एकानं केलंय.