आपल्या सशाला तीनच पाय म्हणणाऱ्याशी ऑनलाइन वाद कसा घालावा

‘चंद्रावरून चीनची भिंत दिसते,’ असं कुणीतरी लिहितं. तुम्ही सांगता की चंद्र राहू द्या, चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आले, त्यांनाही ती दिसली नव्हती. उत्तर येतं, ‘त्यांनी नीट पाहिलं नसेल.’ मग, ‘मुद्दा दिसण्याचा नाहीच, ती केवढी मोठी आहे हा आहे.’ शेवटी, ‘तुम्हाला इतिहासाचा आदरच नाही.’ पडलं तरी नाक वर!

हा माणूस मूर्ख किंवा खोटारडा आहे असं मानून सुरुवात करू नका. १९५५ मध्ये मॉर्टन डॉइच आणि हॅरल्ड जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना रेषांची लांबी ओळखायला सांगितली. काहींनी उत्तर मनातच ठेवलं, काहींनी लगेच पुसता येणाऱ्या पाटीवर लिहिलं, तर काहींनी कागदावर लिहून खाली सही केली. इतरांची उत्तरं वेगळी आल्यावर मनात ठेवणारे सर्वात जास्त डळमळले. सही करणारे सहसा हलले नाहीत. कमेंट म्हणजे चारचौघांत नावानिशी केलेली सहीच. ती मागे घेणं जड जातं, तुम्हालाही आणि मलाही.

म्हणून आधी स्वतःचा दावा पुन्हा तपासा. चूक निघाली तर तिथंच लिहा, ‘माझं चुकलं, दुरुस्त करतो.’ असं लिहूनही काही बिघडत नाही, हे मग सगळ्यांना दिसतं.

त्यानंतर एकच वाक्य पकडा. समोरच्याचं मूळ विधान जसंच्या तसं उतरवून घ्या आणि त्यानं फाटे फोडले की शांतपणे तिथंच परत या: ‘भिंतीच्या आकाराबद्दल नंतर बोलू. चंद्रावरून ती दिसते, हे विधान अजून कायम आहे का?’ त्याच्या प्रत्येक नव्या मुद्द्याला उत्तर देत बसलात, तर मूळ प्रश्न हरवतो आणि त्याला नेमकं तेच हवं असतं.

पुरावे ओतण्याऐवजी ‘कसं?’ विचारा. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की कपड्यांची चेन (झिप) किंवा संडासातला फ्लश कसा चालतो हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे असं लोकांना वाटतं, पण टप्प्याटप्प्यानं लिहायला सांगितलं की त्यांचा तो विश्वास खाली येतो. इथंही विचारा: ‘इतक्या लांबून काही मीटर रुंदीची गोष्ट डोळ्याला कशी दिसेल?’ प्रश्न खरा असावा, उलटतपासणीचा नको.

माझ्या मते सर्वात महत्त्वाचं काम म्हणजे माघारीची वाट मोकळी ठेवणं. ‘मान्य करा ना!’ म्हटलं की माणूस हट्टाला पेटतो. त्याऐवजी लिहा, ‘ही समजूत फार जुनी आहे, बऱ्याच जणांनी ती लहानपणी ऐकलेली असते.’ ओळखीचा माणूस असेल तर खासगी मेसेज करा. बघे नसले की अर्धा ताठा उतरतो.

आणि फेऱ्या मोजा. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये, मत बदलायला स्वतःहून तयार असलेल्या लोकांच्या ऑनलाइन चर्चा तपासल्या. तिथंही एकाच व्यक्तीशी पाचव्या फेरीपुढे वाद गेला, की मत बदलण्याची शक्यता जवळजवळ संपलेली होती. तुम्ही तिसऱ्या फेरीला थांबा. मूळ विधान, पुरावा आणि लिंक असं एकदाच नीट लिहून ठेवा. ते न बोलता वाचणाऱ्यांसाठी असतं. मग नोटिफिकेशन बंद करा. शिवीगाळ किंवा धमकी आली तर तिसऱ्या फेरीचीही वाट पाहू नका, ब्लॉक करा.

काही दिवसांनी त्यानं ती कमेंट गुपचूप काढलेली दिसली, तर जुना स्क्रीनशॉट टाकू नका.