पापलेट नेमकं कोणतं? मायटोजीनोमच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. वर्षानुवर्षं आपण त्याला पॅम्पस अर्जेन्टियस म्हणत आलो. डीएनए आणि शरीररचना दोन्ही ताडून पाहणारे अलीकडचे अभ्यास मात्र सांगतात, की आपल्याकडचं रुपेरी पापलेट म्हणजे पॅम्पस कॅन्डिडस. हे नाव कुव्हिएने एकोणिसाव्या शतकातच देऊन ठेवलं होतं.

प्राणिशास्त्रात एमएस्सी करून मायटोजीनोमकडे, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या संपूर्ण डीएनएच्या अभ्यासाकडे वळणारी मुलं आधी सिक्वेन्सिंगबद्दल (डीएनएची अक्षरं वाचण्याबद्दल) विचारतात. माझ्या मते निम्मं काम धक्क्यावरच साधतं किंवा फसतं. ससून डॉकला पहाटे जा. मासा कुठे, कोणत्या जाळ्यात मिळाला ते विचारून तिथल्या तिथे लिहा. पापलेटची खवलं हात लागताच निघतात, तेव्हा जपून. फोटो डाव्या बाजूचा घ्यायचा आणि मांसाचा वाटाण्याएवढा तुकडा उजवीकडून कापून ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकायचा, म्हणजे डावी बाजू शाबूत राहते. फॉर्मॅलिन त्यानंतरच, कारण त्याने डीएनए खराब होतो. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, इथेनॉलमध्ये शाई पसरते. मासा व्हाउचर (ओळख पुन्हा तपासता यावी म्हणून जपलेला नमुना) म्हणून संग्रहात जमा करायचा, कालवणात नाही. (पापलेटचा भाव गाइडच्या कानावर आधीच घातलेला बरा.)

माशाचा मायटोजीनोम साधारण साडेसोळा हजार बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर). त्यात प्रथिनांची १३ जनुकं, २२ टीआरएनए, २ आरआरएनए (दोन्ही प्रथिनं बनवायच्या कामातले आरएनए) आणि कंट्रोल रीजन हा नियंत्रणाचा भाग. बारकोडिंगचा, म्हणजे जात ओळखायला वापरतात तो, सीओआय जनुकाचा तुकडा जेमतेम साडेसहाशे बेसचा असतो. दोन जाती अलीकडेच वेगळ्या झाल्या असतील, तर तेवढ्यात फरक मोजकेच सापडतात. १३ जनुकं मिळून अकरा हजारांवर बेस हाताशी येतात. वाचलेल्या तुकड्यांच्या जोडणीला गेटऑर्गनेल हे सॉफ्टवेअर चालतं, जनुकं ओळखायला मायटोअ‍ॅनोटेटर. जनुकाचं प्रथिनात भाषांतर करताना जेनेटिक कोडचं टेबल २ (पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचं) निवडा. नाहीतर टीजीए हा स्टॉप कोडॉन (जनुक संपल्याची खूण) धरला जातो आणि धडधाकट जनुक मधेच तुटलेलं दिसतं. जनुकाच्या शेवटी टीएए या स्टॉप कोडॉनऐवजी नुसता ‘टी’ दिसला तर घाबरू नका, पुढचे ‘ए’ आरएनएवर नंतर जोडले जातात.

खरी डोकेदुखी जेनबँकची, म्हणजे डीएनए नोंदींच्या सार्वजनिक साठ्याची. पॅम्पसच्या कित्येक नोंदींवर भलत्याच जातीचं नाव आहे. चीनच्या किनाऱ्यावरचं पॅम्पस एकायनोगॅस्टर तर अनेकदा अर्जेन्टियस म्हणून जमा झालंय. ब्लास्टमध्ये (आपला क्रम जेनबँकेतल्या नोंदींशी ताडणारं साधन) सगळ्यात वर आलेलं नाव उचलून थीसिसमध्ये घालणं म्हणजे दुसऱ्याची चूक आपल्या नावावर चढवणं. व्हाउचर नंबर आणि पकडल्याचं ठिकाण असलेल्या नोंदी आधी बाजूला काढा. वंशवृक्ष त्यांच्यावरच बांधा.

शिवाय मायटोकॉन्ड्रिया येतो आईकडून. जुना संकर झाला असेल तर हा वृक्षही फसवतो. पॅसिफिक ब्लूफिन ट्यूनाचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए अल्बाकोर या दुसऱ्या ट्यूनाच्या जवळ जातो, केंद्रकातला मात्र अटलांटिक ब्लूफिनच्या. परीक्षकांना हा प्रश्न फार आवडतो. म्हणून इथेनॉलमधला तुकडा एकदम संपवू नका, न्यूक्लियर मार्करसाठी (केंद्रकातल्या डीएनएच्या तपासणीसाठी) अर्धा राखून ठेवा.