फीडर ट्रिप झाला की नकाशावर फॉल्ट कसा शोधावा

११ केव्ही फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर) दोन फेजांमधला किंवा तिन्ही फेजांचा फॉल्ट, म्हणजे शॉर्टसर्किट, असेल, तर रिलेच्या (फॉल्ट ओळखून फीडर बंद करवणाऱ्या उपकरणाच्या) नोंदीतल्या व्होल्टेज-करंटवरून आधी फक्त रिअॅक्टन्स (तारेच्या चुंबकीय परिणामामुळे येणारा अडथळा) काढा. आर्कचा (फॉल्टच्या जागी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीचा) रोध मुख्यतः रेझिस्टन्समध्ये मिसळतो, म्हणून पूर्ण इम्पिडन्स (रेझिस्टन्स आणि रिअॅक्टन्स मिळून) धरला तर अंतर फुगतं. रिअॅक्टन्स २.१ ओहम आला आणि ओव्हरहेड लाइनचा किलोमीटरला ०.३५ असेल, तर फॉल्ट ६ किमीवर.

हे अंतर जीआयएस (संगणकीय) नकाशावर तारेच्या मार्गाने मोजायचं, सरळ रेषेत नाही. खरी गफलत होते ती मधल्या केबलच्या तुकड्यात. केबलचा रिअॅक्टन्स किलोमीटरला ०.१ च्या आसपास. १ किमी केबल ओव्हरहेड समजून मोजली, तर तिच्यापुढचा फॉल्ट साधारण ७०० मीटर अलीकडे दिसतो आणि लाइनमन भलतेच खांब तपासत बसतात. त्यामुळे प्रत्येक तुकड्याला कंडक्टरचा प्रकार भरलेला हवाच.

फाटे असले की तेवढ्याच अंतरावर अनेक जागा निघतात. कुठला फॉल्ट इंडिकेटर (फॉल्टचा करंट गेला की लुकलुकणारा लाइनवरचा दिवा) लुकलुकतोय ते पाहून बाकीच्या फांद्या वगळा.

नकाशावर तारेचा माग काढताना (ट्रेस) तो मध्येच थांबला, तर त्या खांबापाशी नकाशा पुरता मोठा करून पाहा: रेषा टेकल्यासारखी दिसते, पण जोडलेली नसते. स्विचची उघड-बंद स्थितीही आजचीच हवी.