परदेश सहलीतील रोजचा खर्च : या चुका टाळा

पुण्यातील कुटुंबांत परदेश सहलीची आखणी करताना विमानाचे तिकीट, व्हिसा आणि हॉटेल यांवर महिनोन्महिने चर्चा होते. तिथे पोहोचल्यावर रोज लागणाऱ्या पैशांसाठी मात्र ‘वरखर्च’ म्हणून एक ठोक रक्कम मांडली जाते आणि तिला सहलीच्या दिवसांनी भागले जाते. हिशेब बिघडतो तो बहुधा याच भागाकारात, कारण सहलीचे सगळे दिवस सारखे नसतात. शहर बदलण्याच्या दिवशी सामानासह टॅक्सी लागते, संग्रहालयांच्या दिवशी तिकिटांचा भार असतो, तर बागांतून हिंडण्याचा दिवस जवळपास बिनखर्चाचा असतो. म्हणून प्रत्येक दिवसाचा खर्च त्या दिवसाच्या कार्यक्रमावरून, त्या देशाच्या चलनात मांडावा आणि एकूण बेरजेचेच रुपये करावेत.

जेवणाचा अंदाज सर्वाधिक चुकतो, कारण मेन्यूवरील किंमत आणि बिलातील रक्कम यांत देशागणिक फरक असतो. सिंगापूरच्या अनेक रेस्टॉरंटांत किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे (++) असतात. त्यांचा अर्थ १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी. मेन्यूवर ६० डॉलरचे दिसणारे जेवण त्यामुळे सुमारे ७२ डॉलरला पडते. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाद्यपदार्थांच्या गाळ्यांच्या सार्वजनिक संकुलात, सेवाशुल्क नसते आणि लिटल इंडियातील टेक्का सेंटरसारख्या ठिकाणी शाकाहारी जेवणही मिळते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत विक्रीकर बिलात वेगळा लागतो, शिवाय बसून जेवल्यास १५ ते २० टक्के टीप अपेक्षित असते. इटलीत अनेक ठिकाणी ‘कोपेर्तो’ हे माणशी बैठकशुल्क घेतात. पाण्याचा खर्च तर आपण धरतच नाही. फ्रान्समध्ये ‘कॅराफ दो’ मागितल्यास नळाचे, पिण्यायोग्य पाणी विनामूल्य मिळते. नुसते पाणी मागितले, तर बाटलीचे पैसे बिलात येऊ शकतात.

घरून थालीपिठे आणि चिवडा नेऊन जेवणाचा खर्च वाचवणे रास्तच आहे. मात्र ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उतरताना सोबतचे सर्व खाद्यपदार्थ अर्जात नोंदवावे लागतात आणि न नोंदवल्यास न्यूझीलंडमध्ये ४०० डॉलरचा दंड होतो.

प्रवासाच्या बाबतीत जुन्या माहितीवर विसंबू नये. जपानचा सात दिवसांचा साधा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योटो शिंकान्सेन या बुलेट ट्रेनचे एकेरी भाडे सुमारे १४,००० येन असल्याने, केवळ या दोन शहरांत जाऊन येणाऱ्याला तो पास आता तोट्याचा ठरतो. लंडनमध्ये कॉन्टॅक्टलेस कार्डाने प्रवास केल्यास दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, पण त्यासाठी दिवसभर तेच कार्ड वापरावे लागते. एकाच खात्याचे कार्ड आणि मोबाइल आलटून पालटून वापरल्यास ते दोन वेगळे प्रवासी धरले जातात. नवराबायकोंनी एकाच कार्डावर एकत्र प्रवास करणेही चालत नाही.

पैसे देण्याच्या पद्धतीतही मोठी गळती होते. अनेक भारतीय क्रेडिट कार्डांवर परकीय चलनातील व्यवहारास ३.५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के लागतात; एक लाख रुपयांच्या खर्चामागे हे ४,१३० रुपये होतात. दुकानातील यंत्राने रुपयांत पैसे देण्याचा पर्याय दाखवला, तर तो नाकारून स्थानिक चलनच निवडावे, कारण रुपयांचा तो दर सहसा महाग असतो. थायलंडमध्ये परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढताना दर वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक शुल्क पडते, म्हणून थोडे थोडे पैसे वारंवार काढू नयेत. फॉरेक्स कार्डात (आधीच परकीय चलन भरून घेतलेले कार्ड) डॉलर भरलेले असताना ते युरोत वापरल्यास बहुतेक कार्डांवर चलनबदलाचे शुल्क लागते. रोख चलन विमानतळावर घेण्याऐवजी कॅम्प किंवा डेक्कन भागातील दोन-तीन परवानाधारक विक्रेत्यांकडे दर विचारून घ्यावे.

इतके करूनही तिसऱ्या दिवशीच निम्मे पैसे संपलेले दिसले, तर आधी ते खरोखर खर्च झाले आहेत की अडकले आहेत, हे तपासावे. हॉटेल अनामत म्हणून कार्डावरील रक्कम रोखून ठेवते आणि ती मोकळी व्हायला हॉटेल सोडल्यानंतरही काही दिवस लागतात. म्हणून अनामतीसाठी क्रेडिट कार्ड द्यावे आणि फॉरेक्स कार्ड रोजच्या खर्चाला ठेवावे. पैसे खर्चच झाले असतील, तर जेवण, प्रवास आणि तिकिटे यांची वेगळी बेरीज करून कोणता भाग फुगला आहे ते पाहावे. सरसकट सगळीकडे काटकसर केल्याने, विशेषतः मुले आणि ज्येष्ठ सोबत असताना, सहलीचा जाच होतो. त्यापेक्षा दोन टॅक्सी फेऱ्या मेट्रोने करणे किंवा एक महागडे तिकीट वगळणे बरे. त्यानंतर परतीच्या दिवशीचा विमानतळापर्यंतचा प्रवास, मुंबईहून पुण्याला येणारी गाडी आणि हॉटेलातच भरावा लागणारा पर्यटन कर बाजूला काढावा. दुबईत हा कर हॉटेलच्या दर्जानुसार खोलीमागे रात्री ७ ते २० दिरहॅम असतो. उरलेली रक्कम उरलेल्या दिवसांच्या कार्यक्रमांप्रमाणे पुन्हा वाटावी.

चलन बदलून देणारे नाणी सहसा परत घेत नाहीत, म्हणून ती शेवटच्या दिवशीच वापरून टाकावीत. नोटा मात्र २,००० अमेरिकी डॉलरच्या मूल्यापर्यंत पुढच्या सहलीसाठी जवळ ठेवता येतात. त्याहून अधिक असल्यास परतल्यापासून १८० दिवसांत जमा कराव्या लागतात.